तिसरा रॉड

निपाणी,
४ नोव्हेंबर २०२४

मामा,

नमस्कार. वाकून केला आहे, कागदावर दिसत नाही एवढंच.

तुम्हाला फोन केला की नेहमी मामीच उचलते आणि तुम्ही नेहमी ‘आत्ताच बाहेर पडलेले’ असता. रिटायर झालेला माणूस शहापुरात एवढा फिरतो तरी कुठे? शेवटी मामीच म्हणाली, ‘पत्र घाल गं त्यांना, पत्राला उत्तर देतात ते.’ म्हणून लिहिते आहे. मामाला पत्र लिहा, हा प्रश्न शाळेत पाच मार्कांना होता, त्यानंतरचं हे पहिलंच.

आईनं सांगितलंच असेल, मी गाडी घेतली. जुनी, जपानी, सहाशे सीसीची. बँकेतली कॅशियर असली गाडी घेते म्हणून चिकोडी रोडवर आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आपलं साईराजचं गॅरेज आहे ना, तिथे ती आता उघडी पडली आहे. आधीच्या मालकानं ऑइल न बघता पळवली होती. पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारे चार दांडे असतात, कनेक्टिंग रॉड, त्यातला एक वाकून निळा पडला आहे. तुम्हाला मी काय सांगायचं म्हणा, तुमचा जन्म त्यात गेला.

चारही बदलायचे आहेत. कंपनीचे मागवले तर चार महिने लागतात, आणि १६ फेब्रुवारीला कोइमतूरला बायकांची रेस आहे. मी नाव दिलं आहे. आप्पांना अजून सांगितलेलं नाही, तेवढं पोटात ठेवा.

कंपनीबाहेरचे रॉड ढिगानं मिळतात. सगळे चकचकीत, सगळे ‘रेसिंग’. कोणावर विश्वास ठेवायचा? साईराजनं मला एकदा हिशोब करून दाखवला आणि मी खरंच हादरले. गाडी पूर्ण ताणली की क्रँक मिनिटाला चौदा हजार वेळा फिरतो. म्हणजे ‘एक’ म्हणायच्या आत दोनशेहून जास्त वेळा. दर वेळी पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, आणि त्याला मागे ओढताना त्या दांड्यावर जवळजवळ एक टनाची ओढ येते. दांडा स्वतः पाव किलोहून थोडा जड! आणि तो तुटला तर इंजिन तिथेच जाम होतं, मागचं चाक धरतं, आणि वर बसलेली मी कुठे जाईन ते सांगता येत नाही.

म्हणून तुमची आठवण झाली. मी सहावीत होते. खंडेनवमीच्या पूजेला तुम्ही आम्हाला उद्यमबागेत कारखान्यात नेलं होतं. पूजेआधी शेवटचे क्रँकशाफ्ट तपासायचे राहिले होते. तुम्ही हात वर केलात. कोणीतरी कानडीत ‘सुम्म!’ म्हणून ओरडलं आणि अख्खं शेड गप्प झालं, क्रेनसुद्धा. तुम्ही टांगलेल्या शाफ्टवर छोटी हातोडी मारलीत, डोळे मिटलेत, आणि एक बाजूला काढून ठेवलात. दिसायला सगळे सारखे होते. एवढी माणसं एका माणसाच्या कानासाठी गप्प उभी राहिलेली मी त्यानंतर कुठे पाहिली नाहीत, देवळातसुद्धा नाही.

माझे चार रॉड वाजवून बघाल?

तुमची,
सौम्या


शहापूर, बेळगाव,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौम्या,

आशीर्वाद. पाचपैकी किती मिळाले होते ते लिहिलं नाहीस, पण अक्षरावरून अंदाज आला.

गाडीचं कळलं होतं. तुझी आई फोनवर रडली म्हणून तुझी मामी इकडे रडली. मी रडलो नाही. चौदा हजार हा आकडा वाचून मात्र मी चहा बाजूला ठेवला. आमच्याकडचे शाफ्ट ट्रॅक्टरचे, बावीसशे-चोवीसशेला त्यांना धाप लागायची. चौदा हजाराला लोखंड टिकतं कसं, हे मी दोन दिवस अंथरुणावर पडून बघतो आहे आणि मला ते नीट दिसत नाही. माणसानं हे केलं, याचं नवल वाटतं बघ.

आता माल कसा घ्यायचा ते. चकाकी बघून घेऊ नकोस. चकाकी शेवटच्या दिवशी येते, लोखंडाचा जन्म पहिल्या दिवशी होतो. विकणाऱ्याला हीट नंबर विचार, म्हणजे हे लोखंड कुठल्या दिवशीच्या कुठल्या भट्टीतलं. तपासणीचा कागद माग. चारही रॉड वजनाला लाव, एका ग्रॅमच्या वर फरक असला तर परत कर. आणि रॉडापेक्षा त्याच्या बोल्टाची चौकशी जास्त कर, रॉड सहसा स्वतःहून मरत नाही, बोल्ट त्याला मारतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उत्तर ऐक. तू प्रश्न विचारल्याबरोबर ‘एकदम बेस्ट क्वालिटी मॅडम’ म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नकोस. ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणतो त्याच्याकडून घे. पस्तीस वर्षांत माझ्याकडे जेवढा खराब माल आला तो सगळा ज्यांना सगळं माहीत होतं त्यांच्याकडून आला.

रॉड आले की भावकूच्या बसनं पाठव. संकेश्वरला उसाच्या ट्रॉल्यांत बस अडकते, पण तो माणूस जपून आणतो. वाजवून बघतो.

फोन मला जमत नाही. लिहिलेलं राहतं. पत्रच लिही.

तुझा,
भरमूमामा


निपाणी,
२ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिघांना विचारलं. पहिल्यानं तुमचं वाक्य शब्दशः म्हणून दाखवलं, ‘एकदम बेस्ट क्वालिटी मॅडम’, मला हसूच आवरेना. दुसऱ्यानं हीट नंबर म्हटल्यावर रॉड गरम होत नाहीत म्हणून खात्री दिली. तिसरा म्हणाला, ‘ताई, खरं सांगायचं तर मला ठाऊक नाही. कारखान्यात विचारतो.’ दोन दिवसांनी त्याचा आपणहून फोन आला, नंबर, कागद, बोल्ट कुठले, सगळं घेऊन. लहान कारखाना आहे. त्याच्याकडून घेतले.

पेटी उघडली तेव्हा मी आणि साईराज दोघंही बोलायचं विसरलो. मामा, एवढं देखणं काही मी हातात धरलं नव्हतं. मधे खोलगट, कडा मऊ, कुठेही बोट अडत नाही, जणू कोणी चाकूनं नाही तर पाण्यानं कोरला आहे. साईराज हात धुऊन आला आणि मग त्यानं रॉड उचलला. त्याला हात धुताना मी पहिल्यांदाच बघितलं.

भावकूकाकांकडे पेटी दिली आहे. प्रत्येकावर नंबर आहे, एक ते चार.

एक विचारू? ते नंदगडचं स्थळ मी नाकारलं म्हणून तुम्ही रागावला आहात का? स्थळ तुम्ही आणलं होतं. तेव्हापासून तुमचा आवाज मी ऐकलेला नाही. मागच्या शिमग्याला आले तेव्हाही तुम्ही मान डोलवत राहिलात आणि मी बोलत असताना उठून अंगणात गेलात. रागावला असाल तर शिव्या द्या. पण बोला.

सौम्या


शहापूर,
९ डिसेंबर २०२४

चि. सौम्या,

आशीर्वाद.

रॉड मिळाले. वजनं घेतली, चौघांत मिळून अर्ध्या ग्रॅमचा फरक. मापं बरोबर. बोल्ट बरोबर. वाजवून बघितले. चारही ठीक आहेत. भावकूबरोबर परत पाठवतो आहे, बसवा.

रागाबिगाचं मनात आणू नकोस.

भरमूमामा


निपाणी,
१८ डिसेंबर २०२४

मामा,

नमस्कार.

पत्र पोस्टकार्डाएवढं होतं, पण इथे त्याची काय शान झाली ते ऐका. ‘वाजवून बघितले. चारही ठीक आहेत.’ एवढं वाचून साईराजनं ते पत्र प्लॅस्टिकमध्ये घालून गॅरेजच्या भिंतीवर लावलं, मारुतीच्या फोटोच्या खाली. येणाऱ्याला दाखवतो, ‘उद्यमबागेतल्या भरमूमामांनी पास केलेलं इंजिन हाय हे.’ कागलहून दोन पोरं खास बघून गेली.

कोल्हापुरात एक जण चुंबक लावून भेगा तपासतो. साईराज म्हणाला, तिकडूनही एकदा काढून घेऊया का? मी त्याला झापलं. म्हटलं, माझ्या मामांनी वाजवलेत, वर मशीन कशाला? त्यानंही कान पकडले.

पाच जानेवारीला रॉड बसवून इंजिन बंद करतो आहोत. मग पाचशे किलोमीटर सावकाश, आणि मग कोइमतूर. आप्पांना सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, ‘भरम्यानं बघितलंय न्हवं?’ मी हो म्हटलं. मग जेवले.

राग नाही म्हणालात, पण एका ओळीत म्हणालात. जाऊ दे. रेसनंतर येऊन तुमच्यासमोर बसते, मग कुठे पळाल?

सौम्या


शहापूर,
२३ डिसेंबर २०२४

सौम्या,

इंजिन बंद करू नका. आज सकाळी तुझ्या मामीनं फोन करून सांगितलंच आहे. का, ते मला लिहायचं आहे, तिच्या तोंडून ते यायला नको.

मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.

एका दुपारी शेजारच्या जयाबाईच्या दारावरून जाताना मी म्हणालो, ‘आज माग बंद ठिवलायस व्हय गं?’ उत्तर येईना म्हणून आत डोकावलो. ती माझ्याकडे बघत उभी होती. माग चालू होता. धोटा इकडून तिकडे पळताना मला दिसत होता आणि आवाज नव्हता. जन्मभर ज्या गल्लीत खडखडाटानं झोप लागली, त्या गल्लीत मी चोरासारखा घरी आलो आणि तुझ्या मामीला शपथ घातली.

कोणाला सांगायचं? भरमू म्हणजे कान. कारखान्यात मला नावानं कमी आणि कानानं जास्त ओळखायचे. कारखान्यात होतो तोवर कान शाबूत होते, तो माल खरा वाजवलेला आहे, एवढं देवाशप्पथ. पण तुझ्या पत्रात ते खंडेनवमीचं वाचलं आणि मला ‘नाही’ लिहवेना. पेटी आली. दोऱ्याला टांगून हातोडी मारली. बोटांना चारही सारखे लागले. तेवढ्यावर लिहून टाकलं.

मग तुझं पत्र आलं. भिंतीवर लावलेलं ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू मशीनची तपासणी माझ्या नावानं नाकारलीस. तुझा बाप माझ्या नावावर जेवला. त्या रात्री मला ते चौदा हजार दिसत होते आणि तू त्यांच्यावर बसलेली दिसत होतीस.

शिमग्याला तू बोलत होतीस तेव्हा उठून गेलो, कारण तू हसत होतीस आणि कशाला हसतेस ते मला कळत नव्हतं. राग कसला आलाय. स्थळ मलाच फारसं आवडलं नव्हतं.

रॉड तपासून घे. पत्र भिंतीवरून काढायला लाव.

भरमू


निपाणी,
२७ डिसेंबर २०२४

मामा,

तुमचं पत्र मी बँकेत वाचलं आणि काउंटर बंद करून मागे स्टोअरमध्ये जाऊन बसले. आधी राग आला. खूप आला. साईराजच्या गॅरेजमध्ये जाऊन मी पत्र फाडणार होते. मग त्या शिमग्याच्या दिवशी मी काय बोलत होते ते आठवलं. मी तुम्हाला मॅनेजरची नक्कल करून दाखवत होते. तुम्ही हसला नाहीत म्हणून मला वाटलं, मामा बदलले. तेव्हापासून मी तेच धरून बसले आहे.

खोटं लिहिलंत त्याचा राग निवळला आहे. सांगितलं नाहीत त्याचा नाही निवळला. भरमू म्हणजे कान हे कारखान्याचं. आमचं असं कधी ठरलं होतं?

आता मी सांगते ते ऐका, म्हणजे वाचा. मामीशी बोलले आहे. टिळकवाडीत डॉक्टर पद्मजा म्हणून आहेत, कानाच्या. दोन जानेवारीची वेळ घेतली आहे. गेला नाहीत तर मी साईराजची गाडी घेऊन शहापुरात येईन आणि गल्लीभर हॉर्न वाजवेन. तुम्हाला त्रास होणार नाही, पण जयाबाईंना होईल.

रॉड माझ्या कपाटात आहेत. नवीन वर्षात कोल्हापूरला नेईन.

सौम्या


शहापूर,
७ जानेवारी २०२५

चि. सौम्या,

अनेक आशीर्वाद. हे पत्र सावकाश वाच, मी तीनदा लिहून फाडलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी कानात दिवा घालून बघितलं. मग स्टीलचा एक दुबोटी चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानाजवळ धरला. मला काही नाही. त्या काहीतरी म्हणाल्या, तेही नाही. मग त्यांनी तो पुन्हा आपटला आणि त्याचा दांडा माझ्या कानामागच्या हाडावर टेकवला.

सौम्या, लोखंड वाजलं.

लांब, बारीक, सरळ, घंटा वाजून गेल्यावर मागे राहतो ना, तसा सूर. दोन वर्षांनी. मी डॉक्टरीणबाईंचा हात धरला आणि सोडेना. तुझी मामी घाबरून उठली, तिला वाटलं मला दुखलं. मी त्यांना खूण केली, पुन्हा. त्यांनी पुन्हा वाजवला. साठी उलटलेला माणूस मी, त्या खुर्चीत रडत बसलो आणि बाहेर बाकड्यावर माणसं थांबलेली.

त्यांनी कागदावर लिहून समजावलं. कानात आत तीन बारीक हाडं असतात, त्यातलं एक घट्ट होऊन बसलं आहे. आवाज दारातून आत जात नाही. आतलं घर मात्र शाबूत आहे. ऑपरेशन होतं, मार्चमध्ये करू म्हणाल्या.

पण माझं डोकं दुसरीकडेच गेलं होतं. दारातून जात नाही ना? मग भिंतीतून जाऊ दे. घरी येताना जयाबाईकडून मागाचा एक मोडका गज मागून आणला, हातभर लांबीचा. एक टोक दातांत धरलं, दुसरं टोक तुळईला टांगलेल्या पितळी घंटेला टेकवलं, आणि तुझ्या मामीला म्हटलं, ‘वाजव.’ तिनं वाजवली.

ती घंटा आमच्या लग्नातली आहे. तिचा आवाज मी विसरलो होतो.

लगेच चिठ्ठी देऊन भावकूला तुझ्याकडे पाठवलं आणि तू काही न विचारता रॉड दिलेस, ते मी विसरणार नाही. रॉडांच्या बोल्टानं बसवलेल्या टोप्या काढल्या, एकेक दोऱ्याला टांगला, गजाचं टोक नुसतं टेकवलं आणि हातोडी मारली. एक नंबर लांब गेला. दोन नंबर तसाच लांब गेला. तीन नंबर लवकर बसला. भेगाळलेलं मडकं वाजवलं की बद्द बोलतं ना, तसा, पण अगदी किंचित. चार नंबर पुन्हा लांब.

एकदा खोटं बोललेल्या माणसानं स्वतःवर भरवसा ठेवू नये. म्हणून मी डोळ्यांवर पंचा बांधला आणि तुझी मामी उलटसुलट करून एकेक टांगत गेली. बद्द वाजला की मी हात वर करायचा आणि तिनं नंबर पाटीवर लिहायचा. चौदा वेळा हात वर केला. पंचा काढला तर पाटीवर चौदा वेळा तीनच होता. तुझी मामी माझ्याकडे लग्नात बघितलं नव्हतं तसं बघत होती.

तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. चारही कोल्हापूरला ने आणि कितवा ते त्यांना सांगू नकोस. काय निघेल ते मला लिही. काही नाही निघालं तरी लिही.

तुझा,
भरमूमामा


निपाणी,
२० जानेवारी २०२५

मामा,

साष्टांग. आज खरोखर घातला आहे, गॅरेजच्या फरशीवर, साईराज साक्षीला आहे.

कोल्हापूरला आम्ही दोघं गेलो. त्यांना काहीच सांगितलं नाही. त्या माणसानं एकेक रॉड चुंबकात धरला, वर कसलंसं पाणी सोडलं, खोलीत अंधार केला आणि निळसर दिवा लावला. एक नंबर काळाभोर. दोन नंबर काळाभोर. तीन नंबर फिरवता फिरवता तो थांबला. बोल्ट बसतो त्या बगलेत एक हिरवी रेघ उजळली होती. तांदळाच्या दाण्याएवढी लांब, केसापेक्षा बारीक. खोलीतला साधा दिवा लावला तर तिथे काही नव्हतं. मी नखानं चाचपलं, काही नव्हतं. पुन्हा अंधार केला, पुन्हा ती रेघ. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही.

मी विचारलं, हा किती टिकला असता? तो म्हणाला, ‘दहा दिवस न्हायतर दहा मिनिटं. ह्याचं कोण सांगणार?’ मग त्यानं साईराजला विचारलं, ‘तुम्हाला आधीच शंका आलती वाटतं. कुठल्या मशीनवर धरलं?’

साईराज म्हणाला, ‘आमच्या मामांच्या दातांवर.’

त्या माणसाला वाटलं आम्ही चेष्टा करतो आहोत. सगळं सांगितल्यावर त्यानं तो रॉड वेगळा गुंडाळून दिला. पैसे घेतले नाहीत.

विकणाऱ्याला फोन केला. तुम्ही म्हणाला होतात ना, उत्तर ऐक. तो म्हणाला, ‘ताई, तो लॉट आत्ता थांबवतो.’ संध्याकाळी कारखान्याच्या मालकाचाच फोन आला. त्या भट्टीतले सगळे रॉड त्यांनी परत मागवले आहेत. नवे चार ते स्वतः दोनदा तपासून पाठवताहेत. ते येतील ते तुमच्याकडे, आणि मग कोल्हापूरला. दोन्ही. आता मशीन की मामा असं मी कधी म्हणणार नाही.

भिंतीवरचं पत्र काढ म्हणालात. साईराज ऐकत नाही. त्यानं त्याच्याच खाली तुमचं नवं पत्र लावलं आहे, ते चौदा वेळा तीन असलेलं. म्हणतो, दोन्ही र्‍हाऊ देत, पहिलं वाचल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळत न्हाय.

इंजिन ८ फेब्रुवारीला पहिल्यांदा चालू करणार. तुम्ही आणि मामी इथे पाहिजेत. गज घेऊन या.

सौम्या


कोइमतूर,
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

नमस्कार. लॉजच्या कागदावर लिहिते आहे. फोनवर मामीला सगळं सांगितलं आहेच, पण तुम्ही म्हणता लिहिलेलं राहतं.

चौदा जणींत सहावी आले. इंजिन एकदाही कुरकुरलं नाही. सरळ रस्त्यावर काटा चौदा हजारावर गेला तेव्हा अंगाखाली जे काही चाललं होतं त्याला मी आवाज म्हणणार नाही. सगळं एक झालं होतं, गाडी कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. मला रॉड आठवले, दोऱ्याला टांगलेले, चारही सारखे वाजणारे. आणि तुमचा निपाणीतला चेहरा.

तो आठ तारखेचा दिवस मी म्हातारी होईपर्यंत विसरणार नाही. तुम्ही ऑइलच्या डब्यावर बसलात, गज दातांत धरलात, टोक इंजिनाला टेकवलंत, आणि साईराजनं बटण दाबलं. तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तुम्ही हातानं ताल धरला होतात. गॅरेजात वीसेक माणसं होती, कोणी बोलत नव्हतं. इंजिन बंद झाल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, ‘चारी एका सुरात हाईत.’

मग मला काय सुचलं कोण जाणे. गजाचं दुसरं टोक मी माझ्या दातांत धरलं आणि बोलले. सगळे हसले. तुम्ही हात हलवून म्हणालात, ‘न्हाय कळलं गं.’ बरंच झालं म्हणायचं. काय बोलले होते ते आता विचारू नका, तेव्हा सुचलं तसं बोलले.

परवा निघतो. ऑपरेशनला मी येणार आहे, रजा टाकली आहे.

सौम्या


शहापूर,
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौम्या,

सहाव्या नंबराला आशीर्वाद. जयाबाईनं गल्लीत साखर वाटली. तुझे आप्पा परवा येऊन गेले. पाटीवर खडूनं लिहून मला विचारत होते, पुढली रेस कधी? मी हसलो, मग तेही हसले.

आता एक खरं सांगायचं आहे. तुझ्यापाशी पुन्हा खोटं ठेवायची माझी ताकद नाही.

मला कळलं होतं.

गज दातांत धरून तू म्हणालीस, ‘मामा, मला लई भीती वाटतीया.’ शब्द न् शब्द आला. दोन वर्षांनी माणसाचा पहिला आवाज माझ्या डोक्यात आला तो तुझा, हाडातून, लहानपणी खांद्यावर हनुवटी टेकून बोलायचीस तेवढ्या जवळून. मी ‘न्हाय कळलं’ म्हणालो, कारण वीस माणसं बघत होती आणि ते तू फक्त मला सांगितलं होतंस. त्यांच्यासमोर उत्तर दिलं असतं तर ते सगळ्यांचं झालं असतं. आणि खरं सांगू, काय उत्तर द्यावं तेही मला सुचलं नाही. जाऊ नको म्हणावं तर तुझ्या डोळ्यांत ती गाडी होती. जा म्हणावं तर माझ्या डोळ्यांत ती हिरवी रेघ होती, जी मी पाहिलीसुद्धा नाही.

घरी येऊन रात्रभर विचार केला आणि सोळा तारखेला सकाळपासून देवासमोर बसून राहिलो. तुझी मामी म्हणाली, ‘एवढं काय झालं?’ मी तिला सांगितलं नाही. तुझं तुझंच आहे.

उत्तर आता देतो. उशीर झाला, पण देतो. पस्तीस वर्षं मला प्रत्येक शाफ्टला भीती वाटली. हातोडी मारायच्या आधी मनात यायचं, हा चुकला तर कोणाच्या शेतात, कोणाच्या अंगावर जाईल? ती भीती होती म्हणून मी नीट ऐकायचो. आयुष्यात एकदाच मी न भिता पास केलं, तुझे चार रॉड, कारण त्या दिवशी मला माझ्या नावाची काळजी जास्त होती. तेव्हा भीती वाटते हे चांगलं आहे, पोरी. ती गेली की मला कळव, त्या दिवशी मात्र गाडीवर बसू नकोस.

तीन मार्चला ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुधा ऐकू येईल. आलं तर जयाबाईचा माग, तुझी मामी, तू, सगळं पुन्हा दारातून येईल. फोनही उचलेन, वचन.

पण तो गज मी टाकलेला नाही. धुऊन, फडक्यात गुंडाळून घंटेजवळ ठेवला आहे. एका टोकाला माझे दात उमटलेत, दुसऱ्याला तुझे. बाकीचं सगळं फोनवर बोलू. असलं काही असेल तेव्हा मात्र बस पकडून ये आणि तुझं टोक धर.

तुझा,
भरमूमामा